पाय लागला तरी हात सोडायचा नाही

४ ऑक्टो. ९४, मंगळ.
जपानातल्या आमच्या हॉटेलला सुट्टी. वॉर्डाच्या सभागृहात नाचाचा पाचवा वर्ग. तेरा बायका, माझ्यासकट तीन पुरुष. म्हणून तर शिकवणाऱ्या मोरी-सान मला तंदूरसमोरून उचलून घेऊन गेल्या.
आज वॉल्ट्झमध्ये किमुरा-सानना कोपऱ्यात डावीकडे वळवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मनात आलं, वळलो; त्याही वळल्या आणि हसल्या. त्यांचं वय सहासष्ट. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी ठरवावं आणि दुसऱ्यानं तिकडे यावं, हे आजच.
हात तीनदा धुतले होते. तरी कांद्याचा वास. त्यांना येत असेल?

११ ऑक्टो., मंगळ.
वाईट झालं. माझा पाय किमुरा-सानच्या पायाला लागला. हात आपोआप सुटले, नमस्काराला वाकलो. मी वाकलो म्हणून त्याही वाकल्या, इकडच्या रीतीप्रमाणे. डोकी आपटली. त्या मागे पडल्या, मनगटावर.
सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. पण मनगट धरून.

१८ ऑक्टो.
त्या आल्या नाहीत. फक्त मुरगळलंय म्हणे. मोरी-सान म्हणाल्या, "बाई उलटी चालते. तिला मागचं दिसत नाही. तुम्ही हात सोडलात तर तिला आधार कशाचा? माफी गाणं संपल्यावर."
कळतं. हाताला कळत नाही.

२५ ऑक्टो.
आल्या. मनगटाला पट्टी. त्यांचा मुलगा म्हणाला आहे, पुन्हा पडलीस तर नाच बंद. तरी वर्गाच्या २३ नोव्हें.च्या कार्यक्रमात माझ्याबरोबरच नाव दिलं! मी म्हटलं, दुसरा कुणी घ्या. म्हणाल्या, "दुसरे पावलं मोजतात. तुम्ही गाणं ऐकता."
रात्रभर झोप नाही.

२ नोव्हें., बुध.
दुपारी भांडी आवरल्यावर दामूकाकांबरोबर सराव. ते आमचे मुख्य आचारी, साताऱ्याचे. त्यांच्या पायाला मुद्दाम पाय लावायचा आणि नमस्कार करायचा नाही. वीस वेळा. सतरा वेळा हात सुटला.
काका : "बापाच्या वयाच्या माणसाला लाथा घालतोस, वर हातही जोडायचा नाही? हे शिकायला जपानला आलास होय रे?"
मग स्वतःच कमरेला टॉवेल गुंडाळून, "चल, पुन्हा. मी तुझी म्हातारी."

९ नोव्हें.
वीसपैकी नऊ वेळा हात सुटला.

१५ नोव्हें., मंगळ.
आज पाय लागला नाही. एकदाही नाही. त्याचीच भीती वाटते. मी पाय आखडून नाचत होतो. किमुरा-सान म्हणाल्या, "आज तुम्ही कुठे होता?"
खरंय. वळणं सगळी बरोबर, गाणं ऐकलंच नाही. असं नाचायचं तर मी कशाला? दुसरे आहेतच.
पण मोकळा नाचलो की पाय लागणार.

२२ नोव्हें.
वीसपैकी दोन. ते दोनच डोळ्यांसमोर. बूट चार वेळा पुसले. काका म्हणाले, "अरे, भट्टीत हात घालतोस रोज, तेव्हा थरथरत नाहीस." भट्टीत माझाच हात असतो.

२३ नोव्हें., बुध.
पडद्यामागे. आमचा नंबर सातवा, पाचवी जोडी नाचते आहे. पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा, हाताची घडी घालून. मागे दामूकाका, कोट कुणाचा तरी.
मघाशी एक सुचलं. किमुरा-सानना म्हटलं, माफी आत्ताच मागून घेतो. आज जेवढ्या वेळा पाय लागेल त्या सगळ्यांची. वाकून त्यांच्या बुटाला हात लावला. त्या लगेच वाकायला लागल्या. मी खांदे धरले, "नको, तुम्ही नको!" हसू आवरेना त्यांना. पट्टी काढून आल्या आहेत. मी म्हटलं, असू द्यायची होती. म्हणाल्या, "पट्टी असली की तुम्ही हात घट्ट धरत नाही."
सहावी जोडी गेली.
तळहात पँटला पुसले. गाणं तेच आहे, ऑक्टोबरातलं. कोपरा आला की डावीकडे वळायचंय मला.
त्यांनी हात पुढे केला आहे. पेन ठेवतो.