नारळ फुटल्यावर गडी बदलत नाय

रविवार, दुपार

रातभर डोळा लागला नाय. ह्यांना हलवून हलवून बघत होते. काल कबड्डीत डोकं दगडावर आपटलं, तवापासून ओकतायत आणि सारखं एकच इचारतायत, "बाळ जेवला काय गो?" सांगितलं तरी परत तेच.

आत्ता आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष आला. म्हटलं, भाऊजी, तुमच्या जीपनं ह्यांना डॉक्टरकडं न्या. तर बोलतो कसा, "वयनी, देवीपुढं नारळ फोडून संघ ठरलाय. आता गडी बदलत नाय. संध्याकाळी फायनल झाली की नेऊ." वर गावाच्या नावाची जर्सी चढवून ह्यांना घेऊन गेला!

काल माइकवर हाच बोलला, कुठंबी असला तरी गावचा माणूस आपला. आपला, म्हणून मारणार काय? देवी बोलली काय, असल्या माणसाला खेळवा? जाताना हे दारात वळले, "बाळ जेवला काय गो?"

मी बाळाला घेऊन मैदानात चाललेय, ह्यांना ओढून भाईर काढते. फोन ह्यांच्या खिशात गेला. वही उंबऱ्यावर उघडी ठेवलेय. वाचील त्यानं महाडला माझ्या दादाला फोन लावा, नंबर दारामागं खडूनं लिवलाय. रिक्षा घेऊन आत्ताच ये म्हणावं.