जोथम रेडिकचं नाव

२१ डिसेंबर १८६३

पुन्हा गारठलेला पाऊस. झोपडीचं धुराडं तुंबलंय, सगळा धूर आत. डोळे चोळत हजेरी घेतली. दक्षिणेच्या बंडखोरांशी लढायला ओहायोहून निघालो तेव्हा आमची डी कंपनी ब्याण्णव जणांची होती. आज पटावर एकोणतीस, तेही माझ्यासकट. जोथम रेडिक ऑक्टोबरपासून नॅशव्हिलच्या हॉस्पिटलात, पोटाच्या दुखण्याने. रोज त्याचं नाव पुकारतो आणि रोज मीच उत्तर देतो— "आजारी, हॉस्पिटलात." पोरं हसतात. हसू देत.

कॅप्टन पेल्टन म्हणाले, "सार्जंट, दोन महिने ना पत्र, ना निरोप. खोडून टाका आता." म्हटलं, मेल्याचा कागद येईपर्यंत तो आपलाच. दोन वर्षं एका कांबळ्याखाली झोपलोय आम्ही. गाडीत घालताना माझा हात धरून म्हणाला होता, "लायमन, पटावरून काढू नकोस रे मला." मी हो म्हटलंय.

२४ डिसेंबर

मैदानात हुकूम वाचून दाखवला. आमची तीन वर्षं सप्टेंबरात संपतात. आत्ताच पुन्हा तीन वर्षांसाठी सही करायची. पाऊण कंपनीने केली तर सह्या करणारे सगळे मिळून, निशाणासकट, तीस दिवस घरी! पाऊण भरली नाही तर बसा इथेच चिखलात.

मी करणार नाही. बायकोला, लोविनाला, शब्द दिलाय— तीन वर्षं, वर एक दिवस नाही. लढाईचा इतिहास लोक लिहितील. माझं अंग दुखतं.

२९ डिसेंबर

तेरा सह्या. सगळ्यांत आधी ईनॉस केटरिंगची. त्याची मुलगी एकोणीस महिन्यांची झाली, त्याने अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. बायको लिहिते, पोरगी शेजारच्या म्हाताऱ्याला बाबा म्हणते. ईनॉस हे सगळ्यांना हसत हसत सांगतो. हसतो आणि मग लगेच बाहेर जातो.

२ जानेवारी १८६४

दौतीतली शाई गोठली. सह्या एकोणीस.

५ जानेवारी

एकवीस— आणि गाडं अडलं. एकोणतिसाचे पाऊण म्हणजे पावणेबावीस. पाव माणूस कमी करून चालत नाही, बावीसच हवेत. राहिलेल्यांत सहा जणांचा पहिल्या दिवसापासून नन्नाचा पाढा, त्यांना कोणी विचारतही नाही. रेडिक हॉस्पिटलात. उरलो मी! जेवायला बसलो की सगळे माझ्याकडे बघत राहतात.

दुपारी ईनॉस कॉफी घेऊन आला. स्वतःच्या वाटणीची. म्हणाला, "रेडिकला खोड. राहतील अठ्ठावीस. अठ्ठाविसाचे पाऊण एकवीस— झालं! तुझी सही नको. तू सप्टेंबरात खुशाल घरी जा."

"आणि तो परत आला तर?"

"तर माझ्या टाळक्यात दोन हाणू दे त्याला! अरे, पोट गेलेला माणूस तीन महिने टिकतो का कुठे? मेलेल्याला हजेरीत उभा करतोस आणि जित्यांना घरी जाऊ देत नाहीस!"

कॉफी तशीच ठेवून गेला.

६ जानेवारी

लेखणी घेतली. रेडिकच्या नावावर टेकवली. ठिपका पडला, पुढे हात चालेना. मी खोडलं आणि तो खरंच गेला, तर? मूर्खपणा आहे, कळतंय.

९ जानेवारी

सही केली. बावीस. कॅप्टननी दौत स्वतः शेगडीवर धरून ऊन करून दिली.

११ फेब्रुवारी

घरी. स्टेशनावर बँड, भाषणं, माणसांची रेटारेटी. लोविना मागे उभी होती. तिने भाषणातच ऐकलं सगळं— मी तोंडाने सांगायच्या आधी. याची लाज वाटते.

घरी ताट वाढल्यावर तिने विचारलं, "तुझ्यावाचून झालंच नसतं?"

"नाही. एक कमी पडत होता." रेडिकचंही सांगितलं.

"म्हणजे रेडिकला दिलेला शब्द राखलास," ती म्हणाली. "बरं केलंस." आणि केक कापायला उठली. सफरचंदांचा, माझ्यासाठी केलेला.

१४ फेब्रुवारी

पुन्हा सही केलेल्यांनी बाहीवर लावायची पट्टी मिळाली आहे. लोविनाने न विचारता माझा कोट घेतला आणि खिडकीशी बसून ती शिवली. इतके बारीक टाके की उसवायला चाकू लागेल. मी समोर बसून होतो.

ईनॉस येऊन गेला. पोरगी त्याला बघून किंचाळत पळाली म्हणे! आज तिसऱ्या दिवशी दाढी ओढली. सांगताना ढसाढसा रडला. तेवढं एक बरं वाटलं.

९ मार्च

निघालो. लोविना स्टेशनावर आली नाही. दारातूनच हात केला.

१७ मार्च

छावणीत पोचलो तर माझ्या पेटीवर कोण बसलेलं— रेडिक! हाडांचा सापळा, पण जिवंत! मी मिठी मारली, रडलो, ईनॉसच्या टाळक्यात दोन हाणायला सांगितलं.

मग तो म्हणाला, "घरी जाऊन आलात ना सगळे? मला वाटलंच. हॉस्पिटलात विचारायला आले, तेव्हा नाताळच्या दुसऱ्याच दिवशी सही ठोकली. कागद इकडे पाठवतो म्हणाले होते— पोचला ना? म्हटलं, एखादी कमी पडली की सगळे लायमनच्या मागे लागतील, आणि त्याने तर लोविनाला शब्द दिलाय. आपल्याला कोण आहे वाट बघणारं? तू सप्टेंबरात सुटलास बघ!"

मी हात पाठीमागे घेतला. पण त्याने पट्टी पाहिली होती.