दाराजवळची सीट

लंडन

सौ. बकुळास,

सुखरूप पोचलो. भाविका मजेत आहे. आपल्या रूपेशने पावसाआधी होडी झापांनी शाकारली का?

माझ्या आखडलेल्या गुडघ्यासाठी भाविकाने जादा पैसे भरून विमानात पाय पसरायची सीट घेतली होती. ती निघाली संकटकाळच्या दाराजवळ. विमानात काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, वेळ आली तर दार उघडाल ना?"

"बाय, मला धड उठवत नाही," म्हटलं. तिने मागे अडचणीत बसवलं. पाय अजून सुजलेलाच आहे. भाविकाला सांगितलं नाही.

परत येतानाही भाविकाने तीच सीट काढलीय. दार उघडेन असं खोटं बोललो आणि माणसं माझ्यामागे अडकली तर? जन्मभर होडीतून आधी उतारू उतरवले, मग मी उतरलो.

उद्या लेकीला खरं सांगतो. ती रडेल, तेच बघवत नाही.

जिवाला जप.

तुझा,
गंगाराम