उशाकडची दोरी

आयमाउथ,
१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय डॉड यास,
थोरल्या भावाचा आशीर्वाद.

तुझं पत्र ईस्टरला आलं आणि उत्तर आत्ता लिहितोय, राग मानू नकोस. पत्र घड्याळामागे ठेवलं होतं. रोज किल्ली देताना दिसायचं, आणि रोज वाटायचं, आज लिहू. मग काहीतरी निघायचं. कधी डोळे, कधी गुडघा, कधी छपराची गळती. तू म्हणशील, गुडघ्याने पत्र लिहितोस काय! म्हण बापडा. उशीर झाला तो झाला.

तुझ्या मॉरीनची पाठ कशी आहे? तिला सांग, गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपत जाऊ नकोस. एका बाईची पिशवी रात्री फुटली, पेपरात आलं होतं. सीमेपलीकडे तुमच्या बेरिकमध्ये नदीचं पाणी चढलं असंही ऐकलं. तुझं घर उंचावर आहे, तरी एकदा तळघर बघून ये.

इकडचं ठीक. बंदरात मासे कमी आणि सील जास्त. बाहेरून येणारी माणसं त्या सीलना विकतचे मासे चारतात, त्यामुळे ते आता जेवायच्या वेळेला येऊन ओरडतात, अगदी तू लहानपणी ओरडायचास तसे. खोकला आहे थोडा. मेलरोजच्या हॉस्पिटलात दोनदा जाऊन आलो, ते पुढे लिहितो.

बाटल्यांचं तुला कळलंच असेल. एडिंबराच्या आमच्या सरकारने ठरवलं होतं की रिकामी बाटली दुकानात दिली की अनामत परत मिळेल, आपल्या लहानपणी लेमोनेडच्या बाटल्यांची मिळायची तशी. मी आपला लागलो कामाला. तुझी इसावहिनी गेल्यावर तिची धुण्याची खोली रिकामीच होती, तिथे बाटल्या साठवल्या. मग लंडनच्या वरच्या सरकारने कळवलं, डबे घ्या, प्लॅस्टिक घ्या, पण काच घ्यायची नाही. एडिंबरा म्हणालं, कचरा आमच्या अखत्यारीतला आहे. लंडन म्हणालं, कचरा तुमचा असेल, बाजार सगळ्यांचा आहे. शेवटी पुढे ढकललं म्हणतात, म्हणजे बारगळलं. त्यांचं भांडण त्यांच्याकडे राहिलं आणि काच माझ्याकडे.

शेजारची सेंगा, हमरस्त्यावर सीमेच्या पाटीपाशी चहाची गाडी लावते ती, परवा सूप घेऊन आली आणि त्या खोलीचं दार उघडून हसतच सुटली.

"अहो निनियनकाका, या जुन्या बाटल्यांवर नवं चिन्हच नाही! दोन्ही सरकारं गळ्यात गळे घालून नाचली असती तरी तुम्हाला छदाम मिळाला नसता."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कामाला लागला होतात ना. इसाबाई गेल्यावर पहिल्यांदाच."

मी खोकलो की भिंतीपलीकडे बाटल्या किणकिणतात असं ती म्हणते. ती वाढवून सांगते.

शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, तेव्हा हे अधिकारांचं प्रकरण मला पुरतं कळत नाही. पण बातम्या मी रोज ऐकतो. नऊ वर्षांत एक बातमी चुकवलेली नाही. का, ते तुला ठाऊक नाही.

त्या सकाळची मी मुद्दाम आठवण काढत नाही. तरी येते. लंडनपासून वेगळं व्हायचं का, त्या सार्वमताचा निकाल ऐकायला तू रात्रीच आमच्याकडे येऊन बसला होतास, आणि उजाडता उजाडता सगळं संपलं होतं. मी 'नाही'वर फुली मारली हे मी लपवलं नव्हतं. पेन्शनची भीती वाटली. मला भीती कशाचीही वाटते, तुला माहीत आहे. बोटीवर तू मारलेली गाठसुद्धा मी पुन्हा तपासायचो आणि तू चिडायचास. त्या दिवशी मात्र तू वेगळाच चिडलास. "मी या घरात जन्मलो, याच बंदरात बाबांबरोबर जाळी ओढली, आणि मला मत नाही, का तर मी सीमेपलीकडे राहतो! आणि गेल्या वर्षी लंडनहून आलेल्या त्या चित्रं काढणाऱ्याला मत! आणि तुला मत, तर तू ते असं उधळलंस!" मग तू टेबलावर हात आपटून म्हणालास की हा देश स्वतंत्र होईपर्यंत याच्या मातीवर पाय ठेवणार नाही.

इसा म्हणाली, "अरे, चहा तरी संपव, मग शपथ घे."

तू चहा तसाच ठेवून गेलास. आम्हाला वाटलं, नाताळपर्यंत उतरेल. पण तू बाबांचा मुलगा. बाबांनी चर्चमधल्या बाकावरून भांडून अकरा वर्षं उभ्याने प्रार्थना केली होती.

महामारीत एडिंबराने सीमा ओलांडायला बंदी घातली तेव्हा तू कार्डावर लिहिलंस, 'आता सरकारच माझी शपथ पाळतंय.' इसा ते वाचून फार हसली. मग आत जाऊन भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

आता बातम्यांचं. गेल्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी न्हाव्याकडे होतो, गालाला साबण लावलेला. रेडिओने सांगितलं की लंडनने होकार दिल्याशिवाय एडिंबराला दुसरं सार्वमत घेता येणार नाही. न्हावी वस्तरा वर धरून म्हणाला, "घ्या! बायकोला सोडायचंय? मग बायकोकडूनच चिठ्ठी आणा!" सगळे हसले. मग मला म्हणाला, "तुम्ही तर खूश असाल, काका." मी हो म्हटलं. पण घरी येताना बंदराच्या कठड्यावर मला बसावं लागलं.

कारण पुढच्या वेळी मी 'हो'वर फुली मारणार होतो. लगेच छाती फुगवू नकोस. माझं मत बदललेलं नाही. पेन्शनची भीती आहे तशीच आहे, पौंडाचीही आहे. पण देश वेगळा झाला की तू घरी येशील, एवढं एकच गणित मला त्यातलं समजत होतं. एका मताने काय होतं, म्हणशील. माझ्या हातात तेवढंच होतं.

आता इसाचं. तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच हे पत्र लांबलं.

तू लिहिलंस, 'त्या दिवशी येता आलं नाही.' एवढंच. मॉरीन तुमच्याकडची आहे, तिला कदाचित तू नीट सांगितलं नसशील. तुमच्याकडे शवपेटी खड्ड्यात सोडायचं काम पगारी माणसं करतात. आमच्याकडे घरची माणसं करतात. पेटीला आठ दोऱ्या, आठ माणसं. पुरणारा लॉरिमर ज्याला त्याला नंबर छापलेलं कार्ड पाठवतो. एक नंबर उशाकडे, दोन नंबर पायाकडे. इसाची एक नंबरची दोरी मी धरली. दोन नंबरचं कार्ड तुला पाठवलं होतं. लॉरिमरने नावं पुकारली, तुझंही पुकारलं, आणि सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघायला लागलं. शेवटी लॉरिमरच्या गाडीवानाने हातमोजे काढून ती दोरी घेतली. भला माणूस आहे, पण त्याला इसाचं नावही धड माहीत नव्हतं.

मला तुझा फार राग आला होता. मग महिन्याभराने सेंगा म्हणाली, "काका, सांगू की नको कळत नव्हतं. तुमचा भाऊ त्या दिवशी माझ्या गाडीशी होता. काळा टाय, काळा कोट. दोन चहा घेतले, दोन्ही गार केले. पाटीच्या पलीकडेच उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मी म्हटलं, जा की हो, कोण बघतंय? तर म्हणाला, मी बघतोय ना."

म्हणजे तू आला होतास. तीन-चार पावलं कमी पडली, एवढंच. हे मला कळलंय हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. दोष देत नाही. माझंही तसंच आहे. माझा बसचा पास तुमच्या बेरिकपर्यंत चालतो. दोनदा आलो. एकदा तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तुझ्या खिडकीत आपल्या देशाचा निळा-पांढरा झेंडा दिसला आणि मनात आलं, थोरल्याने जाऊन आधी दार वाजवायचं काय? परतीच्या बसने आलो. आता बसची पायरी चढवत नाही.

तर मेलरोजचं. फुप्फुसाचं आहे. डॉक्टरीण तरुण आहे, आपल्या इसासारखी स्पष्ट बोलते. म्हणाली, "मिस्टर पर्व्हिस, नाताळची तयारी करा, पण ईस्टरची नको." मी विचारलं, पुन्हा तपासून बघणार का? तर म्हणाली, दोनदा बघितलं. मला आवडली. गाठ दोनदा बघणारी आहे. दुखत नाही फारसं. चढावर दम लागतो, आणि या गावात सगळा चढच आहे.

म्हणून मी लॉरिमरकडे गेलो. त्याने पेटीचं चित्र काढलेला कागद पुढे ठेवला, भोवती आठ आकडे.

"एक नंबर कोण?" म्हणाला.

"भाऊ."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "निनियनकाका, गेल्या वेळी—"

"माहीत आहे. मला सांग, खड्ड्याभोवती तू फळ्या टाकतोस ना?"

"टाकतोच. कडा ढासळू नये म्हणून. वर हिरवी चटई."

"फळ्या कुठल्या लाकडाच्या?"

"स्वीडनच्या असतील. का?"

"त्यांच्यावर उभ्या माणसाचा पाय मातीला लागतो का?"

तुझी शपथ सगळ्या गावाला पाठ आहे. मग तो इतका हसला की त्याची बायको आतून बघायला आली. पण चांगला माणूस. पेन्सिल घेऊन बसला. फाटकापासून वाट डांबरी आहे. डांबर संपतं तिथून कबरीपर्यंत तो आणखी फळ्या टाकील. आणि मध्ये कुठे गवत राहिलंच, तर म्हणाला, "काका, मी स्वतः त्यांना पाठुंगळी घेतो!"

उरलं बेरिकपासून इथवर. रस्त्याने तू येणार नाहीस, पाटी आडवी येते. पण तुझी छोटी बोट आहे, आणि समुद्र म्हणजे माती नव्हे. बंदराच्या जुन्या पायऱ्यांचा दगड तुमच्या बाजूच्या खाणीतला, असं बाबा सांगायचे. खरं-खोटं बाबांना माहीत. वर लॉरिमरची गाडी उभी राहील. मी तीन रात्री यावर विचार केलाय. कुठेही माती लागत नाही.

तू म्हणशील, ही पळवाट झाली. असेल. लंडन आणि एडिंबरा इतकी वर्षं दुसरं काय करतायत? त्यांचे वकील कलमं शोधतात, मी फळ्या शोधल्या. त्यांना घाई नाही. त्यांचं कधीतरी मिटेल, कदाचित तुझ्या मनासारखंही मिटेल, आणि मिटलं तर मी वर बसून पेन्शनची काळजी करीन. पण तोवर मला थांबता येणार नाही. माझ्या उशाची दोरी गाडीवानाच्या हातात जाऊ देऊ नकोस. तो हळू सोडत नाही. इसाच्या वेळी पायाकडची बाजू आधी टेकली, ते माझ्या मनातून जात नाही.

एक नंबरच्या कार्डावर लॉरिमरने अजून नाव लिहिलेलं नाही. जागा मोकळी ठेव म्हणून मी सांगितलंय.

दमलो. दोन दिवस हे पत्र लिहितोय. आणखी एकच गोष्ट, मग पुरे. काल टेबलाशी बसलो असताना सहज खाली लक्ष गेलं. स्वयंपाकघरात जमिनीवर इसाने बसवून घेतलेलं लिनोलियम आहे, पार दारापर्यंत, आणि दाराबाहेर फरसबंदी, थेट बंदराच्या पायऱ्यांपर्यंत. तिथेही कुठे माती नाही. हे मला फळ्यांच्या आधी कसं सुचलं नाही? तेव्हा फळ्यांची वेळ येईपर्यंत थांबायलाच पाहिजे असं काही नाही. वारा पश्चिमेचा असेल त्या दिवशी निघ. तुझा कप तिथेच आहे.

फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही आणि मग मी उगाच हो-हो म्हणतो. दोन ओळी लिही. डॉड, मी केला तसा उशीर तू करू नकोस.

तुझा थोरला भाऊ,
निनियन

ता. क. येताना इंजिनाचं तेल तपास. दोनदा.