पंपाची सवय

मुलुंड, मार्च १९८६

पद्मजाताई,

तू गेलीस आणि वर्षाच्या आत मला तुझ्याच घरात दिली. आता मला सातवा लागलाय. काल डोहाळजेवणाला सासूबाईंनी तुझीच हिरवी साडी नेसवली. उदबत्त्यांच्या धुराने माझा दमा उसळला, तसा मी पंप काढला.

"ठेव तो आत. सवय लागते, बाळाला बाधतं," त्या म्हणाल्या.

तू त्यांचं ऐकलंस आणि पोटातल्या बाळासकट गेलीस. डॉक्टर म्हणतात, आईचा श्वास कोंडला की बाळाचाही कोंडतो. मी सगळ्या बायकांसमोर पंप घेतला.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पद्मजा, तेव्हा का नाही गं घेतलास?"

तुझ्या वतीने काय सांगू, ताई?

तुझीच,
जयंती