बाबांच्या बहिणीचं नाव

रविवार, संध्याकाळ. तुआस, सिंगापूर

आज सुट्टी, दिवसभर कोणाशी बोललो नव्हतो. गावच्या एका निवृत्त गुरुजींनी नगरपालिकेच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या टाइप करून यादी केली आहे, ती लॅपटॉपवर वाचत बसलो. आजोबांच्या नावाखाली बाबांचा जन्म सापडला. आणि मृत्यूंच्या यादीत आजोबांचीच एक मुलगी. वय पाच, ताप.

बाबा तर एकुलते एक ना? लगेच चिपळूणला फोन लावला.

"बाबा, गावच्या जुन्या वह्यांची यादी वाचतोय. तुम्हाला बहीण होती?"

"होती. मी तीन वर्षांचा होतो. पुढे घरात कोणी तिचं नावच काढलं नाही. तुझ्या यादीत आहे नाव?"

"यमू."

"परत सांग."

मी परत सांगितलं. मग तेही हळूच म्हणाले, यमू. उद्या तिच्या नावाने देवापुढे दिवा लावतो म्हणाले.

यादीत त्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. अक्षर लागलं नाही की गुरुजी तसं करतात. मी बाबांना हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मूळ वही तिकडे, मी इथे. पण ऐंशीव्या वर्षी त्यांना बहिणीचं नाव मिळालं, ते आता परत कसं मागू?