टिचकीचं बोट

प्रिय सोलोंगो,

हे पत्र ट्रॉलीबस चालवताना उघडू नकोस, तुझी घाई मला ठाऊक आहे. डेपोत जा, चहा घे आणि मग वाच. इकडे एकच धमाल उडाली आहे आणि ती कधी एकदा तुला सांगते असं मला झालं आहे. फोन केला असता, पण त्यासाठी टेकडीवर चढून वाऱ्यात ओरडावं लागतं, आणि मग माझं बोलणं तुझ्याआधी अख्ख्या खोऱ्याला कळतं. म्हणून राजधानीला निघालेल्या जीपवाल्याला चहा पाजून बसवून ठेवलंय आणि घाईघाईत खरडते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. घरात पत्रं लिहायचं काम तुझ्या बाबांचं, पण त्यांचं बोट गेलं आहे. घाबरू नकोस, बोट जागेवर आहे. नुसतं कामातून गेलं आहे.

झालं काय, यंदा आपल्या कोकरांत माव्याचा रोग शिरला. आधी पांढऱ्या कपाळाच्या मेंढीचं कोकरू, मग बघता बघता निम्मा कळप. ओठांवर फोड, फोडांवर खपल्या, बिचाऱ्यांना दूध ओढवेना. त्या खपल्या आचळाला लागल्या की आईलाही फोड येतात, मग ती लाथ मारून स्वतःच्याच पोराला हाकलते. मी रोज एकेका मेंढीला कुशीत धरून 'तोइग, तोइग' गात होते. कधी ती पान्हा सोडायची, कधी मलाच ढुशी द्यायची. गुरांची डॉक्टरीण आली, औषध दिलं आणि बजावून गेली, "हातमोजे घाला हं, हा माणसालाही होतो." मी निमूट घातले. तुझे बाबा म्हणाले, "हातमोजा घालून कोकराच्या तोंडाची ऊब कळते होय?" आणि नेहमीसारखे एकेकाच्या तोंडात बोट घालून बघत राहिले, चोखतंय का, गार पडलंय का. आणि बोट कुठलं? उजव्या हाताचं मधलं! टिचकीचं! मी म्हटलं, "बाकीची बोटं काय चुलीत घातलीत?" तर म्हणतात कसे, "याच बोटाला जास्त कळतं."

आता भोगा. पेरावर लाल गाठ आली, मग तिचा टम्म फोड झाला, मग तो वाहायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की कापायचं नाही, फोडायचं नाही, झाकून ठेवायचं, वेळ गेला की आपोआप बरं होतं. पण वेळ कुणाकडे आहे? नादामची जत्रा तोंडावर आली! गुडघ्यावर लाकडी पट्टी ठेवून, मधल्या बोटाने टिचकी मारून शिंगाची चकती उडवायची आणि समोरची मेंढीच्या घोट्याची हाडं पाडायची, हे त्या भोपळ्यासारख्या बोटाने कसं जमणार? आपल्या खोऱ्याचा संघ गेल्या खेपेला एका हाडाने हरला, हे तुला मी सांगायला नको. यंदा वरच्या खोऱ्यातले लोक आत्तापासूनच मिशांना पीळ देत हिंडताहेत.

लुव्सानकाका बोट बघायला आले आणि पोट धरधरून हसले. म्हणाले, "गोंचिग, जन्मभर मेंढ्यांची हाडं उडवलीस, शेवटी मेंढीने सूड उगवला बघ!" बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग बदली माणूस शोधायची गडबड सुरू झाली. काकांच्या जावयाला बसवलं, त्याची चकती थेट माझ्या दुधाच्या बादलीत. शाळेच्या मास्तरांनी नेम धरला आणि आपल्या कुत्र्याला लागला, ते अजून त्यांना बघितलं की गेरच्या तंबूमागे लपतं. मी हसून हसून बेजार झाले, पण बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. त्या जागेवर आधी तुझे आजोबा बसायचे गं.

आणि मला सारखी तू आठवत होतीस. थंडीत शेगडीशेजारी बाबा तुझ्या एवढ्याशा गुडघ्यावर ती लाकडी पट्टी ठेवायचे. तुझं नख काळंनिळं व्हायचं, तरी तू उठायची नाहीस. मी ओरडले की तुम्ही दोघं मिळून माझ्यावर डोळे वटारायचात. मग गेल्या नादामला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "बाबा, एक फेरी मला बसू द्या." आणि ते म्हणाले, "माझं बोट चालतंय तोवर या जागेवर दुसरं कुणी बसणार नाही." तू दुसऱ्या दिवशी राजधानीला गेलीस. तेव्हापासून फोनवर तू मेंढ्यांची चौकशी करतेस, घोड्याची करतेस, बाबांची नाही. आणि मी टेकडी उतरले की ते खोगीर पुसत विचारतात, "काय म्हणाली?" मी म्हणते, "कोण?" की पुन्हा खोगीर घासायला लागतात. खाण तशी माती! मला तुम्हा दोघांचाही राग येतो आणि दोघांसाठी जीवही तुटतो.

तर काल सगळा संघ आपल्याकडे बसला होता. कुणाचं नाव सुचेना. शेवटी लुव्सानकाकाच म्हणाले, "आपण सगळे गाढव आहोत. गोंचिगची पोरगी असताना आपण मास्तराला कुत्री मारायला लावतोय!" सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मी चहा ओतता ओतता थांबले. बाबांनी पट्टी बांधलेला हात वर केला, म्हणाले, "बोट चालत नाही म्हटल्यावर मी कोण बोलणार? बोलवा तिला." अगं, त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी नेमबाजाला चढवायची ती लांब आरोळी गेरमध्येच दिली! शेगडीचं धुराडं थरथरलं! मी रडले, खोटं कशाला सांगू. तेव्हा रजा टाक आणि निघ. रजा देत नसतील तर माझ्याशी गाठ आहे म्हणावं.

आता टेकडीवरून ओरडता येणार नाही ते सांगते. आज सकाळी मी शेण्या गोळा करायला कोंडवाड्यामागे गेले, तर बाबा पाठमोरे बसलेले. पट्टी काढून कुंपणावर टाकलेली. बोट स्वच्छ, खपली केव्हाच पडून गेलेली, वर गुलाबी नवी कातडी. समोर मिठाच्या दगडावर हाडं मांडून टिचकी मारत होते. टक्, टक्, टक्. सोलोंगो, एकही नेम चुकला नाही. मग त्यांनी ते बोट जरा वेळ चोळलं, आणि पट्टी परत गुंडाळली, दातांनी गाठ आवळून. कण्हत आत आले, आपली चकती निळ्या रेशमात बांधून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे पोरीला पाठव, मला आता काय उपयोग?" आणि वर मलाच चहाचा वाडगा ओठांशी धरायला लावला. मी धरला. चकती आरूलच्या पिशवीत घातली आहे, वाळवलेलं दही समजून चावू नकोस. आणि आलीस की बोट कसं आहे ते त्यांना जरूर विचार, पण पट्टी सोडून दाखवा म्हणू नकोस.

वाट बघणारी, तुझीच,
आई